शेताची जुनी वाट शेजाऱ्याने अडवली, मदत हवी आहे

आमच्या शेतात जायला शेजारच्या बांधावरून गाडीवाट आहे, 20 वर्षांहून जास्त वापरतोय, पण गाव नकाशावर नोंद नाही. 4 महिन्यांपूर्वी त्याने चर खणून तार मारली. दुसरीकडून ओढा, म्हणजे पर्याय नाहीच. गावातल्या चार लोकांना मध्ये घालून झालं, पैसे देतो म्हणालो, ऐकत नाही. पोलिसांत जायचं नाहीये, रोज तोंडं बघायचीत एकमेकांची.

एक वकील म्हणतात महसूल अधिनियम कलम 143 खाली रस्ता मागा, दुसरे म्हणतात वाट जुनीच आहे तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 कलम 5 खाली अडथळा काढायला अर्ज करा आणि त्याला 6 महिन्यांचीच मुदत, म्हणून घाई आहे. नोंद नसताना जुनी वहिवाट तहसीलदारांपुढे कोणी सिद्ध केलीये का, नुसते आजूबाजूच्यांचे जबाब आणि पंचनामा पुरतो का?