पुरवणीवर पुरवणी: मोठ्या उत्तरांचे तुमचे किस्से सांगा

मांडवीपार:
काल लेकीचा इतिहासाचा पेपर आला. दहा मार्कांच्या प्रश्नाला तीन, आणि लिहिलीत पाच पानं! रागवायला गेले नि हसूच आलं, कारण हाच पराक्रम मी बारावीच्या प्रिलिमला केलेला. प्रश्न होता, गोव्याच्या ओपिनियन पोलमध्ये (जनमत कौलात) कौल महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाविरुद्ध का गेला? मी सुरुवात केली १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज आल्बुकेर्कपासून. मग लोहियांचं १८ जून १९४६ चं आंदोलन, मग १९ डिसेंबर १९६१ ची गोवामुक्ती... कौलाच्या १६ जानेवारी १९६७ ला पोचतेय तोवर बेल. घाईत पाठ केलेला आकडा ठोकला, १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७०. ‘का’ राहिलंच. सरांचा शेरा: ‘पणजीहून म्हापशाला जायचं होतं, वाटेत काणकोण कशाला?’ (म्हापसा उत्तरेला, काणकोण पार दक्षिणेला!)
तुमचेही येऊ द्या.

खतखतं:
काणकोण 😂😂

चुलीपुढून:
मी तपासते पेपर. पहिल्या चार ओळींत कळतं, प्रश्न वाचलाय की नुसता धडा पाठ आहे. या प्रश्नात खरी गंमत म्हणजे जानेवारीत विलीनीकरण हरलं आणि मार्चमध्ये विलीनीकरणवाला मगोच (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) परत निवडून आला. म्हणजे मगोला मत देणाऱ्या काहींनाही महाराष्ट्रात जायचं नव्हतं. हे एक वाक्य कोणी लिहिलं तर माझा हात सैल सुटतो. मुद्दा, त्याला पुरावा, की पुढे चला. आकडा म्हणजे कारण नव्हे. आणि ‘चर्चा करा’ असेल तर फूलवाल्यांचीही (फूल ही विलीनीकरणाची निशाणी) बाजू हवी. कुकर झाला, येते.

डिचोलीची:
मला पुरवण्या बांधायचा दोरा आठवतो. पुढची मुलगी पुरवणी मागायला उठली की माझ्या पोटात गोळा. वर्ष संपल्यावर कळलं, बाई प्रत्येक मुद्दा नव्या पानावर लिहायची 😑

सुंगटं:
आमचं दुखणं वेगळंच. घरी कोकणी, पेपर मराठी. ‘माझे आवडते जेवण’ वर दोन पानं भरून हुमण (माशाची आमटी) नि नुस्तं (मासे). बाईंनी प्रत्येक नुस्त्याखाली लाल रेघ मारलेली. अजून बांगडा तळताना आठवतं.

खतखतं:
फूलवाले म्हणजे आमचे आजोबा! आणि आजी दोन पानां, म्हणजे विलीनीकरणाविरुद्धची निशाणी. एकाच होडीतून मत द्यायला गेली, येताना बोलत नव्हती म्हणे.

मांडवीपार:
बाबांनो, विलीनीकरण इथे नको, धागा पेटेल.

डिचोलीची:
दोन पानांवरून आठवलं, हळदीची पानं कुठे मिळतील? पातोळ्या करायच्यात.

सुंगटं:
म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. लवकर जा पण.

खतखतं:
काणकोणमार्गे नको 😄

चुलीपुढून:
आले. भात लागला खाली. पातोळ्यांत गूळ काळा घाला, पांढऱ्याला चव नाही.