नोटीस पाठवताना ओळख पटते, सवलत सांगताना का नाही?

भाजणीवाली: फराळाचा छोटा धंदा आहे, हाताखाली चार बायका. या महिन्यात तीन सरकारी पोर्टलांवर तोच पत्ता, तेच खातं, तोच पॅन भरला. १ जुलै २०२० ला सुरू झालेली उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) उलाढालीचे आकडे प्राप्तिकर आणि जीएसटीकडून थेट घेते. एवढं कळतं, तर लॉगिन केल्यावर मला लागू असलेलंच दाखवा ना! महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने तेव्हाच दहाहून कमी कामगार असलेल्यांना नोंदणीतून सोडवलं, नुसती सूचना दिली की झालं. मला हे कळलं एजंटाला दीड हजार मोजल्यावर.

जुना हिशेबनीस: ताई, दुखणं खरं, औषध चुकीचं. २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, त्यात भाजीवालेसुद्धा. बेंगळुरूत दुकानांवर 'फक्त रोख'च्या पाट्या लागल्या. सरकारने आपल्याला ओळखायला लागलं की असं होतं. त्याला घेणं आधी आठवतं, देणं मागाहून.

भाजणीवाली: काका, हे तर तुम्ही माझ्याच बाजूने बोललात! माहिती त्यांच्याकडे गेलीच आहे, ती काही परत येत नाही. मग उलाढाल पस्तीस लाखांवर गेली तेव्हाच "जीएसटी नोंदणीची चाळीस लाखांची मर्यादा जवळ आली" असा मेसेज का नाही गेला? ताज्या भाजीवर जीएसटीच नाही, हे नोटीस काढायच्या आधी कुणी पाहिलं का? (आणि तुमची फी बुडेल ही भीती नाही ना?)

सेतूच्या बाकावरून: तुम्ही दोघं स्वतः लॉगिन करणारी माणसं. माझ्या केंद्रात येणाऱ्या बायकांच्या आधारला जोडलेला नंबर एक तर बंद पडलेला असतो, नाहीतर पुण्याला गेलेल्या लेकाच्या खिशात. ओटीपी तिकडे वाजतो, बाई इकडे ताटकळते. शिवाय फॉर्म भरताना एजंट सर्रास स्वतःचा नंबर टाकतात. म्हणजे तुमची ती खास तुमच्यासाठीची सूचना येणार कुणाला? एजंटाला! उद्यम नोंदणी फुकट असते, हेही कित्येकींना माझ्याकडे आल्यावर कळतं. तोवर कुठल्यातरी नकली साइटवर पैसे गेलेले असतात. आधी नंबर बदलणं सोपं करा, मग डॅशबोर्ड सजवा.

जुना हिशेबनीस: फी बुडाली तर बुडू दे, रिटायर व्हायला टेकलोय. पण स्क्रीन म्हणाली 'परवाना नको' आणि इन्स्पेक्टर म्हणाला 'हवा', तर दंड कोण भरणार? मी चुकलो तर तुम्ही माझं मानगूट धरता. पोर्टलचं कुठे धरणार? खाली बारीक अक्षरात 'माहिती केवळ मार्गदर्शनासाठी' असं लिहून ते मोकळे.

भाजणीवाली: हे मात्र कबूल. मग सल्ल्याखाली कलम आणि तारीख छापलेली असावी, आणि ती प्रिंट दाखवल्यावर दंड लागता कामा नये. 'मार्गदर्शनासाठी' वगैरे चालणार नाही.

सेतूवाले दादा, तुमचं वाचून माझं उद्यमचं प्रमाणपत्र काढून पाहिलं. तेही त्याच एजंटाने काढून दिलं होतं. नंबर त्याचाच आहे. उद्या किती वाजता उघडता?