गावात राहून पार्कोरची सुरुवात कशी करावी?

प्रश्न | धुऱ्यावरचा (नेर तालुका, यवतमाळ)

नमस्कार. मी नेर तालुक्यातील एका खेड्यात राहतो. बी.ए. झाल्यापासून सैन्यभरतीची तयारी सुरू आहे आणि रोज पहाटे गावातील मुलांसोबत डांबरी रस्त्यावर धावतो. गेल्या वर्षापासून पार्कोर आणि फ्री रनिंगचे व्हिडिओ पाहून हा प्रकार शिकण्याची ओढ लागली आहे. परंतु त्या व्हिडिओंतील जागा म्हणजे काँक्रीटच्या भिंती, लोखंडी कठडे आणि एकमेकींना लागून असलेल्या गच्च्या. आमच्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेची कुंपणभिंत, मारुतीच्या देवळापुढचा पार, नाल्यावरचा रपटा आणि बाकी सगळी वावरे. प्रशिक्षक नाही, गाद्या नाहीत, तालुक्याच्या गावी जी जिम आहे तिथे वजने उचलण्यापलीकडे काही नाही.

माझे प्रश्न असे आहेत. अशा ठिकाणी सुरुवात नेमकी कशापासून करावी आणि पहिल्या काही महिन्यांत किती उंचीवरून उडी मारणे योग्य? सोयाबीनच्या कुटाराचा मोठा ढीग वावरात आहे, त्यावर कोलांटउड्यांचा सराव करावा का? माझ्या मित्राला थेट बॅकफ्लिपच (उभ्याने हवेत मागे पलटी) शिकायची आहे. बाबांचे म्हणणे असे, की भरतीच्या तोंडावर पाय मोडून घेशील. त्यांना काय उत्तर द्यावे, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

उत्तर | मैदान_अमरावती

तुमचे प्रश्न नेमके आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे आणि मुलांना जिम्नॅस्टिक्स शिकवता शिकवता या प्रकाराकडे वळलो.

तुम्ही पाहता ते व्हिडिओ हे बहुतेक वेळा कित्येक वर्षांच्या सरावाचे शेवटचे काही सेकंद असतात. पार्कोर म्हणजे वाटेत येणारा अडथळा वेगाने, कमीत कमी शक्ती खर्चून आणि शरीराला इजा न होऊ देता ओलांडणे. विसाव्या शतकाच्या आरंभी जॉर्ज हेबेर या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने धावणे, चढणे, रांगणे, तोल सांभाळणे, उचलणे अशा स्वाभाविक हालचालींवर आधारलेली व्यायामपद्धती मांडली, आणि सैन्यातील अडथळ्यांच्या प्रशिक्षणावर तिचा मोठा प्रभाव पडला. पॅरिसच्या अग्निशमन दलात काम केलेले रेमाँ बेल याच परंपरेत तयार झाले होते. त्यांचा मुलगा डेव्हिड बेल आणि त्याचे सवंगडी यांनी पॅरिसजवळच्या लिस या उपनगरात पार्कोरला आजचे रूप दिले. त्यांच्यापैकीच सेबास्टियन फुकाँ यांच्यामुळे 2003 च्या सुमारास ब्रिटनमध्ये फ्री रनिंग हे नाव रूढ झाले, आणि पुढे पलट्या, गिरक्या, स्वतःची शैली हा भाग त्या नावाखाली वाढला. सैन्यभरतीच्या मैदानावर तुम्हाला नऊ फुटी खड्डा ओलांडावा लागतो, नागमोडी पट्टीवर तोल सांभाळत चालावे लागते आणि बीमवर (आडव्या दांडीवर) पुलअप काढावे लागतात. हे तिन्ही प्रकार पार्कोरच्या पायाभूत सरावातही आहेत. बाबांना देण्याजोगे उत्तर बहुधा हेच आहे, मात्र ते देण्याचा अधिकार तुम्ही पुढे लिहिलेली शिस्त पाळलीत तरच राहील.

पहिले शिकायचे ते खाली उतरणे. जमिनीवर पाय टेकताना आधी चवड्यांचा स्पर्श व्हावा, मग घोटे, गुडघे आणि कंबर एकामागून एक वाकत जावीत, टाच आपटू नये. गुडघे काटकोनापेक्षा फार खाली जाऊ देऊ नयेत आणि ते आत एकमेकांकडे झुकू नयेत. बोटांच्या दिशेनेच राहावेत. सराव बरोबर चालला आहे की नाही हे कळण्यासाठी आरशाची गरज नाही, कानांनी ऐकावे. उतरताना धप्प असा आवाज आला, तर तेवढा भार हाडांनी आणि सांध्यांनी घेतला असे समजावे. प्रथम सपाट जमिनीवर जागच्या जागी उडी, मग देवळाच्या पायरीवरून, मग पारावरून, या क्रमाने जा आणि प्रत्येक पायरीवर आवाज जवळजवळ नाहीसा होईपर्यंत पुढची उंची घेऊ नका. पहिले काही महिने कमरेपेक्षा जास्त उंचीवरून खाली उडी मारण्याचे काहीही कारण नाही.

त्यानंतर प्रिसिजन जंप, म्हणजे ठरलेल्या जागेवर दोन्ही पाय जुळवून उतरणे आणि तिथेच थांबणे. यासाठी रस्त्यावर खडूने दोन रेघा ओढल्या तरी पुरे. रेघेवरून पाय घसरला किंवा तोल जाऊन एक पाऊल पुढे टाकावे लागले, तर ती उडी धरू नये. रेघांवर खात्री पटल्यावर जमिनीत पक्के रोवलेले दगड आणि मग रपट्याचा बुटका कठडा घ्यावा. नाला कोरडा असेल तेव्हाच, आणि तोही रस्त्याच्या बाजूनेच.

अडथळा ओलांडण्याच्या प्रकारांत सुरुवातीला सेफ्टी व्हॉल्ट घ्यावा. यात एक हात अडथळ्यावर ठेवतात, विरुद्ध बाजूचे पाऊल त्यावर टेकवतात आणि दुसरा पाय मधल्या फटीतून पुढे काढतात. कमरेएवढ्या ओट्यावर हे दोन्ही बाजूंनी सारखेच जमले पाहिजे. आपल्याकडे उजवी बाजू लवकर बसते आणि डावी तशीच राहून जाते, म्हणून डावीकडून जास्त सराव करा. चारी हातापायांवर रांगणे हा वरवर पोरखेळ वाटणारा प्रकार मात्र अजिबात टाळू नये. पांदणीच्या मऊ धुळीत गुडघे जमिनीपासून किंचित वर ठेवून पुढे, मागे आणि आडवे रांगून पाहा. खांदे आणि मनगटे किती कच्ची आहेत, हे तिथेच समजते.

बॅकफ्लिपविषयी माझे मत स्पष्ट आहे. ती पार्कोरच्या आरंभाचा भाग नाही आणि गादी व मदतीला जाणकार हात असल्याशिवाय ती शिकू नये, कारण तिथे चूक झाली तर मानेवर येते. मित्राची फारच इच्छा असेल तर त्याने अमरावतीला यावे. 1914 मध्ये स्थापन झालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ येथे आहे आणि त्याच्या चमूने 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली होती. मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्स शिकलेला माणूस फ्री रनिंगकडे फार लवकर वळू शकतो.

उत्तर | तणसीची गंजी (गोंदिया)

सरांनी बहुतेक सगळे सांगितले आहे. कुटाराचा मुद्दा राहिला, म्हणून लिहितो. आमच्याकडे धानाची तणीस असते आणि तिच्या गंजीवर उड्या मारण्याचा मोह आम्हा सगळ्यांना लहानपणापासून आहे. परंतु ढिगात साप आणि विंचू आसऱ्याला येतात, कधी कोणी खुपसून ठेवलेले विळ्याचे पातेही आत राहून जाते. सोयाबीनच्या कुटारात तर शेंगांच्या टरफलांची टोके आणि काड्या अंगाला टोचतात, आणि धूळ नाकातोंडात गेली की खोकला आवरत नाही. ढीग वापरायचाच असेल तर भरदिवसा, काठीने चांगला उकरून, पसरून आणि वर जाड गोणपाट किंवा ताडपत्री अंथरून वापरावा.

दुसरी गोष्ट अशी, की मऊ ढिगावर केलेला रोल खोटे समाधान देतो. कडक जमिनीवर उपयोगी पडणारा रोल हा सरळ डोक्यावरून घेतलेल्या कोलांटउडीपेक्षा वेगळा आहे. त्यात शरीर तिरपे वळते: उजव्या खांद्याच्या मागच्या मांसल भागावरून सुरू होऊन डाव्या नितंबापर्यंत जाते, डोके बाजूला वळलेले आणि हनुवटी छातीकडे असते, पाठीचा मणका सरळ जमिनीवर येत नाही. ढिगात डोके टेकले किंवा कंबरेचे हाड आपटले तरी जाणवत नाही आणि तीच खोड अंगवळणी पडते. माझ्या मते गवताळ सपाटीवर, गुडघ्यावर बसून, अगदी सावकाश सुरुवात करावी. पाठीवर माती लागल्याची खूण तिरपी आली पाहिजे. काळा शर्ट घालून दोन-चार रोल करा आणि पाहा, मातीचा पट्टा खांद्यापासून विरुद्ध कमरेपर्यंत गेला असेल तर ठीक. मधोमध उभा पट्टा असेल तर अजून बसूनच करा.

उत्तर | फिजिओ_वर्धा

वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. मी वर्ध्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि भरतीच्या मुलांचे दुखणे नेहमी पाहते, त्यामुळे थोडे त्या अंगाने लिहिते.

तुम्ही आधीच रोज डांबरी रस्त्यावर धावता. त्यावर उड्यांची भर घातली की पिंडरीपुढच्या हाडावर आणि गुडघ्याच्या वाटीखालच्या स्नायुबंधावर दुहेरी ताण येतो. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात. हाडे आणि स्नायुबंध यांना त्यासाठी कित्येक महिने लागतात, आणि नेमक्या याच काळात, अंगात ताकद आली असे वाटून, मुले उंची वाढवतात. म्हणून उड्यांच्या दोन सरावांत किमान एक पूर्ण दिवस सोडा आणि ज्या दिवशी उड्या आहेत त्या दिवशी धावणे कमी करा, शक्यतो डांबर सोडून मातीच्या रस्त्यावर धावा. एका पायावर हळूहळू खाली बसून, गुडघा आत न झुकू देता, वर उठता येते का, आणि एका पायाच्या चवड्यावर सलग वीसेक वेळा टाच उचलता येते का, हे आधी पाहा. दोन्हीपैकी एकही जमत नसेल, तर पारावरून उडी मारण्याआधी तेच करत राहा.

नडगीच्या हाडावर एकाच जागी बोटाने दाबल्यावर दुखत असेल, किंवा सकाळी पहिली पावले टाकताना टाचेच्या वरची शीर आखडत असेल, तर सराव थांबवून तपासणी करून घ्यावी. दुखणे दाबून पुढे जाण्यात काहीही पुरुषार्थ नाही. घोटा किंवा मनगट वाकडे दिसत असेल तर मालीश करणाऱ्याकडे नेऊ नका; लाकडी पट्टी किंवा दुमडलेल्या पुठ्ठ्याचा आधार बांधून एक्स-रे असेल तिथे जा. डोक्यावर पडून उलटी झाली, गुंगी आली किंवा मान दुखू लागली, तर त्या माणसाला उचलून दुचाकीवर बसवू नका, 108 ला फोन करा.

भरतीची तारीख जाहीर झाली, की त्यापूर्वीचे काही आठवडे वरून खाली उतरण्याच्या उड्या पूर्ण बंद ठेवा. तोल, रांगणे आणि पुलअप चालू ठेवायला हरकत नाही.

उत्तर | अर्णवची आई (आर्वी)

हा धागा वाचून विचारते. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, दिवसभर गोठ्याच्या भिंतीवरून उड्या मारतो. त्याला हे शिकू द्यावे का?

उत्तर | फिजिओ_वर्धा

ताई, जरूर शिकू द्या, फक्त गोठ्याच्या भिंतीवरून नव्हे. वाढीच्या वयात गुडघ्याखालचा हाडाचा उंचवटा उड्यांच्या अतिरेकाने दुखू लागतो आणि सुजतो, हे या वयाच्या खेळाडू मुलांत नेहमी आढळते. तोल, रांगणे, चढणे, रेघेवरच्या उड्या आणि रोल एवढे त्याच्यासाठी भरपूर आहे. तेथे दुखू लागल्यास काही दिवस उड्या थांबवाव्यात आणि दुखणे राहिलेच तर दाखवून घ्यावे.

उत्तर | धुऱ्यावरचा

सर्वांचे मनापासून आभार. मित्राला बॅकफ्लिपचे सांगितले, तो तूर्त गप्प आहे. दोन शंका राहिल्या. बूट कोणते घ्यावेत? आणि शाळेच्या कुंपणभिंतीवर सराव करता येईल का? तिची उंची माझ्या छातीएवढी आहे आणि चढून वर येण्याचा सराव तिथेच शक्य आहे.

उत्तर | मैदान_अमरावती

बूट महागडे नकोत. तळवा सपाट, एकसंध रबराचा आणि पातळ असावा, म्हणजे पायाखाली काय आहे हे कळते. टाचेला जाड फुगवटा असलेले धावण्याचे बूट कठड्याच्या कडेवर डगमगतात. आधी घरचेच वापरा. दुकानात नवीन घेताना तळवा बोटांपाशी सहज वाकतो का आणि गुळगुळीत फरशीवर घासल्यावर घसरतो का, एवढे पाहिले तरी चालेल.

भिंतीच्या बाबतीत मात्र सावध राहा. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे उथळ पायाच्या कुंपणभिंती पायाशी तडकतात आणि हळूहळू कलतात. अशी भिंत स्वतःचे वजन पेलते, पण वरच्या कडेला लोंबकळणाऱ्या तरुणाचे ओढणारे वजन तिला पेलवेलच असे नाही, आणि ती पडते तेव्हा ओढणाऱ्याच्याच अंगावर पडते. म्हणून आधी भिंतीच्या पायाशी जमिनीलगत आडवी भेग आहे का पाहा, लांबून एका डोळ्याने ती ओळंब्यात आहे का ते पाहा, मग तळहाताने वरची वीट हलवून पाहा. आडवी भेग दिसली तर त्या भिंतीला हात लावू नका. आरसीसी स्तंभ असलेली भिंत त्यामानाने भरवशाची असते. वरच्या कडेवर काचा खोवलेल्या नाहीत आणि जवळून विजेची तार गेलेली नाही, हेही बघावे. खेड्यात घरांच्या स्लॅबवरून हात पुरेल इतक्या खाली आलेल्या तारा मी पाहिल्या आहेत, त्यामुळे स्लॅबवर सराव अजिबात नको. विहिरीच्या कठड्याचा तर विचारही करू नये.

मुख्याध्यापकांची परवानगी आधी घ्या आणि शाळा सुटल्यावर किंवा सुटीच्या दिवशीच जा, नाहीतर लहान मुले पाहून लगेच नक्कल करतात. पावसाळ्यात भिंतीच्या उत्तर बाजूला शेवाळ धरते आणि थंडीत पहाटे दवाने कोबा निसरडा होतो, तेव्हा हात-पाय ठेवण्याची जागा आधी कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी. एप्रिल-मे महिन्यांत ऊन चढण्याच्या आत आटोपावे; आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला पोहोचतो आणि तापलेला लोखंडी पाइप धरल्यावर हात आपोआप सुटतो.

चढण्यासाठी एकदम छातीएवढ्या भिंतीवर झेप घेऊ नका. आधी कडा धरून पाय भिंतीला टेकवून नुसते लटकून राहा, मग पायाने भिंत खाली ढकलत कोपर कडेच्या वर आणण्याचा प्रयत्न करा. बीमवर ओळीने आठ-दहा पुलअप निघत असतील तर हे काही आठवड्यांत जमेल. निघत नसतील तर सध्या बीमवरच राहा, भरतीलाही त्याचे गुण आहेत.