'नामसाधर्म्य' आहे, पण त्या माणसाला काय म्हणायचे?

सूचीकार :
चरित्रसूची करताना एक शब्द नेहमी अडतो. शरद जोशी दोन आहेत. एक शेतकरी संघटनेचे (१९३५–२०१५), दुसरे उज्जैनचे हिंदी व्यंगलेखक (१९३१–१९९१). दोघांच्या नावांत जे आहे ते 'नामसाधर्म्य', इथपर्यंत ठीक. पण एक शरद जोशी दुसऱ्या शरद जोशींचे कोण? हिंदीत 'हमनाम' म्हणून मोकळे होता येते. मराठीत 'समनामी', 'सनाम', 'नामबंधू' असे पर्याय सुचतात. कोणता वापरावा? आणि मुळात 'नामसाधर्म्य' लिहावे की 'नामसाम्य'?

धातुपाठ :
'सधर्म' म्हणजे समान धर्म, म्हणजेच समान गुण असलेला. त्याचे भाववाचक नाम साधर्म्य. गीतेच्या चौदाव्या अध्यायातले 'मम साधर्म्यमागताः' याच अर्थाचे. काटेकोर पाहिले तर साधर्म्य गुणांचे असते आणि नाव हा माणसाचा गुण नव्हे, म्हणून 'नामसाम्य' तर्काला अधिक धरून आहे. पण रूढी 'नामसाधर्म्य'च्या बाजूने इतकी भक्कम आहे की त्याला चूक ठरवू नये.

वापरात मात्र चुका होतात. शब्द नपुंसकलिंगी आहे आणि त्याला 'शी' लागतो. 'टिळकांशी नामसाधर्म्य' बरोबर. 'टिळकांचे नामसाधर्म्य' म्हटले की कोणाशी, हा प्रश्न लोंबकळत राहतो. 'एकसारखे नामसाधर्म्य' ही उघड द्विरुक्ती. लिहिताना शेवटचा 'य' गळून 'साधर्म' होते, तेही टाळावे.

आता माणसासाठीचा शब्द. 'सनाम' नको. संस्कृतात 'सनामन्' त्याच नावाचा या अर्थी आहे खरा, पण मराठी वाचक 'स' म्हणजे 'सह' असेच वाचतो : सचित्र, सप्रेम, सविस्तर. त्यामुळे 'सनाम' हा 'निनावी'चा उलट शब्द वाटतो. 'नामबंधू' स्त्रियांना लागू होत नाही. 'नामधारी' तर भलताच, तो नावापुरत्या राजाला किंवा अध्यक्षाला. राहतो 'समनामी'. 'निनावी', 'बेनामी' यांच्या साच्यातला असल्याने कानाला परका वाटत नाही. शिवाय फारसी 'हम' आणि संस्कृत 'सम' हे एकाच मुळाचे, 'नाम'ही दोन्हीकडे एकच. म्हणजे 'हमनाम' आणि 'समनाम' हे सख्खे भाऊच आहेत, उसनवारीचा प्रश्न येत नाही.

तरीही चालत्या गद्यात 'त्याच नावाचे दुसरे' याहून स्वच्छ काही नाही. 'समनामी' सूचीसाठी, शीर्षकासाठी ठेवावा.

पोथीनिष्ठ :
'समनामी' मान्य. पण मराठीत समनामी म्हणायचे कोणाला, हे आधी ठरवावे लागेल. आपले नाव तीन पदरी : स्वतःचे, वडिलांचे, आडनाव. आडनाव वेगळे असले तरी पहिले दोन पदर जुळतात तेव्हा काय म्हणणार? हा प्रश्न काल्पनिक नाही. हे पाहा :

बाळ गंगाधरशास्त्री जांभेकर (निधन १८४६), 'दर्पण'कार.
बाळ गंगाधर टिळक (१८५६–१९२०).
बाळ गंगाधर खेर (१८८८–१९५७), मुंबई प्रांताच्या सरकारचे १९३७ ते १९३९ आणि पुन्हा १९४६ ते १९५२ प्रमुख.

पत्रकार, राष्ट्रीय पुढारी, मुख्यमंत्री. तिघेही जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातले. जांभेकरांचे पोंभुर्ले आता सिंधुदुर्गात मोडते. यांतले टिळकांचे पाळण्यातले नाव केशव, 'बाळ' हे घरातले हाकेचे नाव पुढे कायम झाले. खेरांना लोक बाळासाहेब म्हणत, जांभेकरांना बाळशास्त्री. म्हणजे जे नाव कागदावर एक, ते तोंडी तीन.

तशीच दुसरी जोडी : विनायक दामोदर सावरकर (१८८३–१९६६) आणि विनायक दामोदर कर्नाटकी (१९०६–१९४७). दुसरे म्हणजे अभिनेते-दिग्दर्शक मास्टर विनायक, अभिनेत्री नंदा यांचे वडील. 'विनायक दामोदर' एवढ्यावर अनुक्रमणिका लावली तर दोघे एका ओळीत येतात.

गोपाळ कृष्ण गोखले आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्याबाबत तर संस्थाही एकच, सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी. १९०५ मध्ये ती गोखल्यांनी पुण्यात काढली, पुढे देवधर तिचे अध्यक्ष झाले. सोसायटीच्या जुन्या कागदांत 'गोपाळराव' दिसले की साल पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. आणि 'गोपाळकृष्ण गोखले' असे जोडून लिहिणे थांबवावे. त्यातले 'कृष्ण' हे वडिलांचे नाव आहे. जोडले की ते नाहीसे होते आणि वाचकाला वाटते की माणसाचेच नाव गोपाळकृष्ण.

हे असे का होते, तर नावांचा साठा लहान आणि नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल. हरीचा नारायण, नारायणाचा हरी. एका घराण्यात दोन नावे आलटून पालटून येतात आणि तीच जोडी शेजारच्या घराण्यातही असते. वडिलांचे नाव वेगळेपणासाठी लावतात, पण जिथे नावांच्या जोड्याच ठरलेल्या, तिथे ते वेगळेपण देऊ शकत नाही.

खिळेजुळणी :
हरी-नारायण म्हणालात म्हणून : ह. ना. आपटे (१८६४–१९१९) आणि ना. ह. आपटे (१८८९–१९७१). हे समनामी नाहीत, उलटनामी आहेत, आणि छपाईत सर्वांत जास्त चुका यांच्याच. दोघे कादंबरीकार, त्यामुळे संदर्भही मदतीला येत नाही. ठरावीक चूक अशी : १९३७ च्या 'कुंकू' चित्रपटाची मूळ कादंबरी ह. नां.च्या नावावर टाकली जाते. ती ना. हं.ची. प्रुफे तपासताना 'आपटे' दिसले की आद्याक्षरांवर बोट ठेवून वाचावे, नजरेने वाचले तर डोळा सवयीचे 'ह. ना.'च वाचतो.

आद्याक्षरांच्या बाबतीत मराठी पद्धत रोमनपेक्षा फार चांगली आहे, कारण आपण मात्रेसकट अक्षर घेतो. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३–१९२६) आणि त्यांचे भाऊ, निरुक्ताचे (वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीवरील ग्रंथाचे) अभ्यासक वैजनाथ काशिनाथ राजवाडे. देवनागरीत वि. का. आणि वै. का., गोंधळ नाही. रोमन लिपीत दोघेही 'व्ही. के.'. ग्रंथालयाच्या रोमन नोंदींवरून मराठी सूची करणाऱ्याने इथे पुस्तकाचा विषय पाहिलाच पाहिजे. त्याच कारणाने 'व्ही. के. राजवाडे' असे देवनागरीत लिहू नये. हातात असलेला भेद आपणच पुसून टाकतो.

जिवंत लेखनातला एक चांगला दाखला : कथाकार अरविंद गोखले (१९१९–१९९२) आणि पत्रकार अरविंद व्यं. गोखले. ते 'व्यं.' शोभेचे नाही, त्यानेच ओळख पटते. संपादकाने जागा वाचवायला ते काढू नये.

पोथीनिष्ठ :
उपाधीचेही तसेच. 'शाहू महाराज' एवढेच लिहिणारे पुष्कळ. साताऱ्याचे छत्रपती शाहू (१६८२–१७४९) आणि कोल्हापूरचे राजर्षी शाहू (१८७४–१९२२) यांच्यात सव्वाशे वर्षांचे अंतर आहे, आणि साताऱ्याच्याच गादीवर पुढे दुसरे शाहूही झाले. 'राजर्षी' ही पदवी १९१९ मध्ये कानपूरला मिळाली. म्हणून १९०२ च्या आरक्षणाच्या आदेशाबद्दल लिहितानाही आपण आजच्या सोयीसाठी 'राजर्षी' लिहितो, ते योग्यच, पण त्या काळच्या कागदात तो शब्द शोधू नये.

'नानासाहेब पेशवे' हेही दोन. पानिपताच्या वेळचे बाळाजी बाजीराव आणि १८५७ चे, दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र धोंडोपंत. इथे 'थोरले-धाकटे' लावण्याची रीत नाही. सालच द्यावे लागते.

'विष्णुशास्त्री' तर जपूनच. विष्णुशास्त्री पंडित (१८२७–१८७६) विधवाविवाहाचे कैवारी, विष्णुशास्त्री चिपळूणकर (१८५०–१८८२) 'निबंधमाला'कार आणि सुधारकांचे टीकाकार. आडनाव गाळून 'विष्णुशास्त्र्यांचे मत' लिहिले तर अर्थ थेट उलटा होऊ शकतो. त्यात विष्णुबुवा ब्रह्मचारी तिसरे.

रमाबाईंची गोष्ट :
स्त्रियांच्या नावांत हा घोळ जास्त बोचतो, कारण लेखक आडनाव गाळून सरळ 'रमाबाई' लिहितात. थोरल्या माधवरावांच्या पत्नी, ज्या १७७२ मध्ये थेऊरला सती गेल्या. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). रमाबाई रानडे (१८६२–१९२४). रमाबाई आंबेडकर (१८९८–१९३५). मधल्या दोघी समकालीन, दोघींचे काम पुण्यात, दोघींचे काम स्त्रियांसाठी. त्यावर कळस म्हणजे एकीचे शारदा सदन, दुसरीचे सेवा सदन. शारदा सदन पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत काढले आणि पुढच्या वर्षी पुण्यात आणले. पुण्याचे सेवा सदन १९०९ चे, रमाबाई रानडे यांचे, आणि त्यात वर उल्लेखलेले देवधर सोबत होते. 'रमाबाईंचे सदन' हा शब्दप्रयोग बादच करावा.

आनंदीबाईंचे तसेच : राघोबादादांच्या पत्नी, डॉक्टर आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७), अण्णासाहेब कर्व्यांच्या पत्नी, लेखिका आनंदीबाई शिर्के. पुरुषांना आडनावाने आणि स्त्रियांना पहिल्या नावाने ओळखायची सवय आहे, तिची ही किंमत. जांभेकर, टिळक, खेर यांची गल्लत कोणी करत नाही, कारण त्यांना कोणी नुसते 'बाळ' लिहीत नाही.

मतपत्रिका :
'नामसाधर्म्य' हा शब्द आज सर्वांत जास्त ऐकू येतो तो निवडणुकीत. तिथे तो अर्थाने थोडा सरकला आहे : मते फोडण्यासाठी मुद्दाम उभा केलेला त्याच नावाचा उमेदवार. २०१४ ला रायगडमध्ये सुनील तटकरे २,११० मतांनी हरले आणि सुनील तटकरे याच नावाच्या अपक्षाला नऊ हजारांहून अधिक मते पडली, हे उदाहरण नेहमी दिले जाते.

१९६१ च्या निवडणूक नियमांत यावर तरतूद आहे : दोन उमेदवारांचे नाव एकच असेल तर व्यवसाय, राहण्याचे ठिकाण किंवा अन्य प्रकारे भेद दाखवावा. १ मे २०१५ नंतरच्या निवडणुकांत मतपत्रिकेवर आणि यंत्रावर उमेदवाराचे छायाचित्रही येऊ लागले. सूचीकारांना हा नियम जसाच्या तसा उपयोगी आहे. फक्त वरच्या तीन बाळ गंगाधरांना 'राहण्याचे ठिकाण' लावून फारसे साधत नाही, तिथे व्यवसायच हवा.

सूचीकार :
म्हणजे नोंद अशी लावतो : आधी आडनाव, मग स्वतःचे व वडिलांचे नाव पूर्ण, मग जन्म-मृत्यूची वर्षे, मग एका शब्दात क्षेत्र. उपाधी मागे, म्हणजे अकारविल्हे बिघडत नाही. 'जोशी, शरद (१९३५–२०१५), शेतकरी नेते'. आणि खाली 'समनामी : जोशी, शरद (१९३१–१९९१), हिंदी लेखक'. फक्त पहिली दोन नावे जुळत असतील तर 'समनामी' न म्हणता 'हेही पाहा'. पृथ्वीराज चव्हाण आणि बाराव्या शतकातले पृथ्वीराज चौहान यांनाही 'हेही पाहा'च, कारण मराठीत आडनावाचे रूपच वेगळे लिहितात.

एक नोंद अजून अडली आहे. संत नामदेव आणि विष्णुदास नामा.

पोथीनिष्ठ :
तिथे 'समनामी' पुरणार नाही. नामदेव तेराव्या-चौदाव्या शतकातले, विष्णुदास नामा सोळाव्या. पण नामदेवांच्या गाथेत दुसऱ्याचे अभंग मिसळले गेले, आणि नुसत्या मुद्रेवरून, म्हणजे अभंगात कवी घालतो त्या स्वतःच्या नावावरून, ते वेगळे काढता येत नाहीत, कारण 'विष्णुदास नामा' ही मुद्रा खुद्द नामदेवांच्या मानल्या जाणाऱ्या अभंगांतही येते. भाषेची जुनी रूपे, हस्तलिखिताचे वय, अभंगात आलेले प्रसंग, असे सगळे पाहावे लागते. या नोंदीत व्यक्तींखाली 'समनामी' लिहा आणि अभंगांखाली वेगळा शब्द वापरा : 'मुद्रासाम्य'.