मदत हवी आहे: चिंचवडजवळ ए.ए.ची (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचे गट) मीटिंग कशी शोधायची?

शमिका_च
दीर ३८ वर्षांचे, रोज संध्याकाळी क्वार्टर, शनिवारी जास्त. आता स्वतःच म्हणतायत सोडायची आहे. ॲडमिट व्हायला तयार नाहीत, नोकरीची भीती. मीटिंग मराठीत असते का? पैसे किती? कंपनीत कळेल का? आणि घरच्यांपैकी कुणी सोबत गेलं तर चालतं का?

कडुलिंब
मीटिंग शोधालच, पण त्याआधी डॉक्टर. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली की ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. ४८ ते ७२ तासांच्या सुमारास काहींना भलतंच दिसायला लागतं, दिवस-रात्र कळत नाही. हा प्रकार जिवावर बेततो, तो घरी निस्तरायचा नाही. पूर्वी कधी फिट आली असेल किंवा सकाळी हात थांबायला घोट लागत असेल तर ॲडमिट व्हायलाच हवं. तसं नसेल तर मानसोपचारतज्ज्ञ तपासून काही दिवस कमी-कमी होत जाणाऱ्या गोळ्या आणि थायामिन (बी-१ जीवनसत्त्व) देतात, बऱ्याच जणांचं घरूनच भागतं. मेडिकलवाल्याकडून झोपेची गोळी आणून हे करू नका.

डॉक्टरांना आकडा खरा सांगा. घरात ‘क्वार्टर’ म्हणतात ती क्वचितच १८० मिलीवर थांबलेली असते. अशक्तपणा म्हणून कुठे सलाइन लावायला नेलंत तर दारूचं आधी सांगा. थायामिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

जुनापूल
वहिनी, मीटिंगसाठी फोन दिरांनीच करायचा. तुम्ही केलात तर माहिती मिळेल, पण पलीकडच्या माणसाला बोलायचं असतं पिणाऱ्याशी. ए.ए.च्या भारतातल्या सेवा कार्यालयाच्या संकेतस्थळावर शहरवार हेल्पलाइन आहेत. नंबर लागला नाही तर सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, मोफत आहे.

फोनवर विचारायच्या गोष्टी: वार, वेळ, भाषा, खुली की बंद, आणि तिथल्या एका माणसाचा नंबर. हा शेवटचा नंबर सगळ्यात महत्त्वाचा. मीटिंगा बऱ्याचदा शाळेच्या वर्गात नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये असतात, आणि परीक्षा, सुट्टी, निवडणूक आली की जागा बदलते. यादी जुनीच राहते. नवा माणूस कसाबसा धीर करून जातो, गेटला कुलूप दिसतं, आणि परतीच्या वाटेवर बार असतोच. म्हणून निघण्याआधी त्या नंबरवर फोन. बहुतेक वेळा कुणीतरी गेटपाशी येऊन थांबतं.

खुल्या मीटिंगला घरचे बसू शकतात. बंद मीटिंग फक्त दारू सोडायची इच्छा असलेल्यांसाठी. पहिल्यांदा खुलीला सोबत जा, पुढे त्यांना एकट्याला जाऊ द्या. वहिनी शेजारी बसल्यावर कोण मोकळं बोलणार?

आत काय होतं: तास-दीड तास. सुरुवातीला थोडं वाचन, मग एकेक जण ‘मी अमुक, मी अल्कोहोलिक’ म्हणून बोलतो. मधे कुणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. दिरांना बोलायचं नसेल तर ‘आज फक्त ऐकतो’ एवढं पुरतं. आडनाव, कंपनी कुणी विचारत नाही, हजेरीचं रजिस्टर नसतं. फी नाही. वर्गणीची पिशवी फिरते, नव्याने काही टाकलं नाही तरी चालतं. एक मात्र पाहा: गटाच्या व्हॉट्सॲपवर नंबर आणि डीपी सगळ्यांना दिसतो. पहिल्याच दिवशी त्यात सामील व्हायची घाई नको.

चुकतं कुठे, तर बरेच जण उशिरा येतात, मागच्या बाकावर बसतात आणि संपताक्षणी निघतात. खरी ओळख नंतरच्या चहाला होते. दोन-तीन नंबर तिथेच मिळतात आणि रात्री साडेनऊला तलफ आली की तेच कामाला येतात. एक गट पटला नाही तर दुसरा बघावा, प्रत्येकाचा सूर निराळा. किमान पाच-सहा मीटिंगा झाल्याशिवाय मत बनवू नये. देवावर विश्वास नसला तरी अडत नाही.

कडुलिंब
पुण्यात येरवड्याला १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. पुढेमागे ॲडमिट व्हायची वेळ आली तर लक्षात असू द्या. पिणाऱ्यांच्या बायकांसाठी तिथे ‘सहचरी’ गट चालतो, जाऊबाईंना सांगा. घरच्यांचा अल्-अनॉन हा गट वेगळा, ए.ए.चा भाग नाही. दीर गेले नाहीत तरी घरच्यांनी तिथे जावं.

शमिका_च
आभार. एक नातेवाईक म्हणतात चहातून द्यायची गोळी मिळते, कळतही नाही. देऊ का?

कडुलिंब
अजिबात नको. तशी गोळी बहुधा डायसल्फिराम असते. वर दारू गेली की चेहरा लाल, उलट्या, धडधड, बीपी एकदम खाली, हृदय कमजोर असेल तर मृत्यूसुद्धा. ज्याला माहीत नाही तो नेहमीसारखाच पिणार. ही गोळी माणसाला सांगून, तपासण्या करून, शेवटच्या पेगनंतर किमान १२ तासांनी सुरू करतात. बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत परिणाम राहतो, खोकल्याच्या काही औषधांतलं अल्कोहोलही त्रास देतं. नाव नसलेली पुडी असेल तर आत काय आहे देवच जाणे.

जुनापूल
आणि मधे एकदा प्यायलेच तर त्याच आठवड्यात पुन्हा मीटिंगला पाठवा. तिथे हाकलत नाहीत. पिऊन आलेल्यालाही बसू देतात, दंगा केला नाही म्हणजे झालं, फक्त त्या दिवशी बोलू देत नाहीत.