मदत हवी आहे : पावसात बेकरीचा आरसीसीबी रोज सकाळी पडतो, पीठ मळायच्या मशीनला झिणझिण्या येतात

उंडो_पोळी (म्हापसा)

बार्देशातल्या एका बेकरीची देखरेख माझ्याकडे आहे. थ्री फेज कनेक्शन. डीबीत (वीज वाटपाच्या पेटीत) मेन स्विचनंतर एकच फोर पोल (तिन्ही फेज आणि न्यूट्रल तोडणारा) आरसीसीबी, म्हणजे करंट अर्थमध्ये किंवा माणसातून गळला (लीकेज) की सप्लाय तोडणारा स्विच, ४० अँपिअर, लीकेजसाठी ३० मिलीअँपिअर. त्याच्या खाली एमसीबी (करंट जादा झाला की पडणारे स्विच), त्यांवर:

- इलेक्ट्रिक डेक ओव्हन, ९ किलोवॅट (१.५ किलोवॅटचे सहा हीटर, प्रत्येक फेजवर दोन, स्टारमध्ये)
- पीठ मळायचे मशीन, २ एचपी, थ्री फेज
- डीप फ्रीझर, पाण्याचा पंप, एक्झॉस्ट, दिवे

पाऊस सुरू झाल्यापासून सकाळी ओव्हन चालू केला की आरसीसीबी पडतो. दोन-चारदा वर केला की कधी टिकतो, कधी नाही. एकदा ओव्हन तापला की दिवसभर काही नाही. आठवड्याच्या सुट्टीनंतरची सकाळ सगळ्यांत वाईट. दुसरे म्हणजे, ओव्हन बंद असतानाही फ्रीझरचा कंप्रेसर सुरू होताना मध्येच पडतो. तिसरे, लादी ओली असली की पीठ मळायच्या मशीनच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, पण तेव्हा आरसीसीबी ढिम्म हलत नाही.

वायरमन म्हणतो, आरसीसीबी वीक झाला, पावसात असे होतेच, डायरेक्ट करूया (आरसीसीबी काढून सरळ जोडूया), नाहीतर १०० मिलीअँपिअरचा टाकूया. मालकही तयार आहेत, कारण पहाटे पाव निघाला नाही तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. आरसीसीबी खरंच गेला का? १०० चा चालेल का?

---

मेगर५०० (फोंडा)

डायरेक्ट करू नका. कारण आकड्यात सांगतो.

आपल्याकडे जमीन जांभ्याची. अर्थिंगचा पाइप पावसात बरा असतो, एप्रिल-मेमध्ये त्याचा रेझिस्टन्स चढतो. समजा तो २० ओहम आहे. फेज बॉडीला लागली तर वाहणारा करंट २३० भागिले २०, म्हणजे ११.५ अँपिअर. १६ किंवा २० अँपिअरच्या एमसीबीला हा नेहमीचा लोड वाटतो, तो पडतच नाही, आणि बॉडी जिवंत राहते. तोच फॉल्ट ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी डोळ्याचे पाते लवायच्या आत तोडतो. जांभ्यात एमसीबी आणि अर्थिंग एवढ्यावर माणूस वाचत नाही.

१०० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आगीपासून संरक्षणासाठी ठीक, माणसासाठी नाही. ओल्या लादीवर उभ्या माणसाच्या छातीतून तेवढा करंट जाऊ दिला तर हृदयाची लय बिघडू शकते.

आता आरसीसीबी गेला का ते. मेन बंद करून त्याच्या आउटगोइंगच्या चारही वायरी काढा, न्यूट्रलसकट. सप्लाय देऊन तो वर करा. टिकला आणि टेस्ट बटण दाबल्यावर लगेच पडला तर तो बहुतेक शाबूत आहे. टेस्ट बटण फक्त आतली यंत्रणा तपासते. अर्थिंग आहे की नाही हे त्यावरून कळत नाही, मशीनची अर्थ वायर तुटलेली असली तरी बटण दाबल्यावर तो पडणारच.

मग फॉल्ट शोधायचा. इथे बहुतेक जण फसतात. सगळे एमसीबी खाली करून आरसीसीबी वर केला आणि तरी तो पडला, की लोक म्हणतात आरसीसीबीच खराब. पण साधा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. खाली कुठे न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना लागले असतील तर सगळे एमसीबी बंद असतानाही आरसीसीबी पडू शकतो. म्हणून मेन बंद करून न्यूट्रल लिंकवरून (डीबीतल्या न्यूट्रलच्या पट्टीवरून) एकेक न्यूट्रल काढायचा, त्यावर सर्किटचा नंबर चिकटवायचा आणि ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) न्यूट्रल ते अर्थ बघायचे. १ मेगओहमच्या खाली आले ते सर्किट बाजूला काढा. फ्रीझर सुरू होताना पडतो, त्याचे उत्तर मला इथे दिसते.

मेगर लावण्याआधी ओव्हनचा डिजिटल टेम्परेचर कंट्रोलर सुटा करा, नाहीतर लीकेज सापडेल आणि कंट्रोलर जाईल.

हे काम परवानाधारक माणसाकडूनच. मेन खाली केल्यावर त्याला कुलूप, आणि किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात. बेकरीत पहाटे कोणीतरी अंधार बघून सवयीने स्विच वर करतोच.

---

ट्रे_आणि_तवा (मडगाव)

ओव्हनचे कारण हीटरमध्येच असणार. लक्षणे जशीच्या तशी आहेत.

हीटरच्या नळीत मधोमध तार असते आणि तार व नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड दाबून भरलेली असते. ही पूड कोरडी असताना उत्तम इन्सुलेटर, पण पाणी शोषणारी. नळीच्या टोकाचे सील जुने झाले की हीटर तापून थंड होताना बाहेरची हवा आत ओढतो. जुलैत आपल्याकडे ती हवा म्हणजे अर्धे पाणीच. सुट्टीच्या दिवशी ओव्हन पूर्ण थंड पडतो, म्हणून दुसऱ्या सकाळी त्रास जास्त. तापला की ओल निघून जाते, लीकेज संपते, आणि वायरमन आला की सगळे ठीक दिसते!

मोजायचे असे. सहाही हीटरचे दोन्ही टोकांचे कनेक्शन सोडा, आपसातल्या पट्ट्याही काढा, नाहीतर एका खराब हीटरमुळे सगळेच खराब दिसतील. आधी साध्या मीटरने दोन टोकांत ३५ ओहमच्या आसपास येते का बघा. पण ३५ ओहम आले म्हणजे हीटर चांगला असे नाही, तार शाबूत आहे एवढेच कळते. खरी परीक्षा टोक ते नळी, मेगरने, आणि सकाळी, ओव्हन गार असताना. दुपारी मोजलेत तर सगळे पास होतील.

हिशेब सोपा आहे. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकतो. २३० व्होल्टला १५ मिलीअँपिअर म्हणजे साधारण १५ किलोओहम, म्हणजेच ०.०१५ मेगओहम. त्यातही गंमत अशी की तिन्ही फेजवर सारखेच लीकेज असेल तर ते एकमेकांना बरेचसे मारते आणि आरसीसीबीला दिसत नाही. तो पडतो म्हणजे एका फेजचे एक-दोन हीटर बाकीच्यांपेक्षा जास्त ओले आहेत.

---

जांभा_आणि_जस्त (वेर्णा)

वरच्या दोघांशी सहमत. पीठ मळायच्या मशीनबद्दल लिहितो, कारण या धाग्यात सगळ्यांत धोकादायक गोष्ट ती आहे आणि तीच तुम्ही तिसऱ्या नंबरवर टाकली आहे.

माणसाला झिणझिण्या साधारण अर्धा ते एक मिलीअँपिअरपासून जाणवतात. आरसीसीबी १५ च्या खाली हलत नाही. बॉडीची अर्थ वायर नीट असती तर लीकेज तिच्यातून गेले असते आणि वाढल्यावर आरसीसीबी पडला असता. तुमच्याकडे लीकेजला जायला रस्ता एकच आहे, हात लावणारा माणूस. तेव्हा आज ते मशीन बंद ठेवा आणि पीठ हाताने मळा.

बघायचे काय: प्लग काढून प्लगच्या अर्थ पिनपासून मशीनच्या उघड्या धातूपर्यंत कंटिन्युइटी, अर्ध्या ओहमच्या आत हवी. रंगावर नाही, बोल्ट खरवडून मोजा. मग सॉकेटच्या अर्थपासून मेन अर्थ पट्टीपर्यंत तसेच. मळायच्या मशीनमध्ये वायर बहुतेक वेळा केबल ग्लँडपाशीच (केबल मशीनमध्ये शिरते तिथल्या पकडीपाशी) तुटते. मशीन थरथरते, ग्लँड सैल असतो, आणि वरचे रबर शाबूत असताना आतला हिरव्या वायरचा तांब्याचा पीळ तुटलेला असतो. तुम्ही किनाऱ्याजवळ असाल तर लगच्या (वायरच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या तुकड्याच्या) खाली हिरवट-पांढरा गंजही असेल.

नंतर मोटरचा टर्मिनल बॉक्स उघडा. आत पीठ असणार. पीठ आणि दमट हवा मिळून टर्मिनलच्या मध्ये करंटला वाट तयार करतात, बोर्डावर काळी रेघ उमटलेली दिसली तर तो बोर्ड बदला, पुसून चालत नाही. कंप्रेसरच्या हवेने पीठ उडवू नका, ते आणखी आत जाऊन बसते. कोरडा ब्रश आणि व्हॅक्यूम वापरा. झाकणाचे गॅस्केट नवे घाला, केबल खालून आत घ्या म्हणजे पाणी वायरवरून ओघळून बॉक्समध्ये जाणार नाही. आणि मशीन पाइप लावून धुणे बंद, ओल्या फडक्याने पुसा.

अर्थ जोडल्यावर मशीन चालू करताच आरसीसीबी पडायला लागला तर घाबरू नका, आतापर्यंत लपलेले लीकेज आता त्याला दिसते आहे.

---

उंडो_पोळी

सगळ्यांचे आभार. मशीन बंद ठेवले. परवानाधारक माणसाकडून सकाळी गार ओव्हनवर तपासून घेतले. आकडे:

- आरसीसीबी सुटा करून तपासला, चांगला आहे.
- हीटर: चार हीटर २० मेगओहमच्या वर. उरलेले दोन्ही आर फेजचे (तीन फेजपैकी एकाचे), एक ०.०१, दुसरा ०.३ मेगओहम.
- फ्रीझर: सॉकेट उघडले तर अर्थची वायरच आलेली नाही. न्यूट्रलपासून छोटा तुकडा घेऊन अर्थच्या पिनला जोडलेला आहे.
- मळायचे मशीन: अर्थ पिन ते बॉडी पूर्ण ओपन. ग्लँडमध्ये हिरवी वायर तुटलेली. नवी केबल आणि लग टाकल्यावर ०.२ ओहम. टर्मिनल बॉक्स साफ केला, मोटर ५ मेगओहम.

०.०१ वाला हीटर फेकायचाच का? आणि फ्रीझरच्या तुकड्याने नक्की काय होत होते?

---

मेगर५००

फ्रीझरचा तो तुकडा आधी काढा. न्यूट्रलला जमिनीच्या मानाने दोन-चार व्होल्ट असतातच, कंप्रेसर सुरू होताना करंट वाढतो तेव्हा आणखी. फ्रीझरची बॉडी न्यूट्रलला जोडलेली, आणि तीच बॉडी अर्थ असलेल्या स्टीलच्या टेबलाला किंवा रॅकला टेकलेली असणार. मग न्यूट्रलचा थोडा करंट टेबलातून जमिनीत जातो, आरसीसीबीला हिशेब जुळत नाही, तो पडतो.

ट्रिपिंग हा यातला किरकोळ भाग. त्या सॉकेटचा न्यूट्रल मागे कुठे सुटला तर कंप्रेसरमधून येऊन पूर्ण २३० व्होल्ट फ्रीझरच्या दारावर उभे राहतील. ज्याने हे केले त्याने बाकीच्या सॉकेटातही केलेले असू शकते, सगळी उघडून बघा. डीबीच्या अर्थ पट्टीपासून २.५ चौरस मिमी हिरवी वायर ओढून घ्या.

---

ट्रे_आणि_तवा

फेकायची घाई नको. दोन्ही हीटर काढून गॅस ओव्हनमध्ये १२० ते १५० अंशांवर तीन-चार तास ठेवा. लाकडाच्या फोर्नात (भट्टीत) नको, तिथे तापमान हातात राहत नाही. ओल वाळवण्यासाठी आरसीसीबी बायपास करून हीटर चालवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

बाहेर काढल्यावर हाताला सोसेल इतका गार झाला की लगेच मोजा. गरम पुडीचे इन्सुलेशन मुळातच कमी दिसते, आणि रात्रभर उघडा ठेवलात तर पुन्हा ओल धरेल. ०.३ वाला बहुधा सावरेल. ०.०१ वाला १० मेगओहमच्या वर गेला तर ठेवा, एक-दोनवर अडकला तर नळीला बारीक चीर आहे असे समजून बदला. नवा मागवताना वॅट, व्होल्ट, नळीचा व्यास, लांबी, वाकाचा आकार आणि टोकाचा आटा लिहून द्या, किंवा जुना नमुनाच न्या. एक जादा घेऊन ठेवा.

सावरलेल्या हीटरची टोके कोमट असतानाच उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनने बंद करा. आणि पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशीही कोणीतरी समोर असताना ओव्हन अर्धा तास तापवून घ्या.

---

जांभा_आणि_जस्त

एक बदल सुचवतो. सगळी बेकरी एका आरसीसीबीवर ठेवू नका. ओव्हनला वेगळा फोर पोल २५ अँपिअर, ३० मिलीअँपिअर (ओव्हनचा करंट फेजला १३ अँपिअर आहे), मळायच्या मशीनला वेगळा, फ्रीझरला वेगळा टू पोल, बाकीच्यांना एक. म्हणजे ओव्हनमुळे रात्री फ्रीझर बंद पडून माल जाणार नाही. प्रत्येकाचा न्यूट्रल लिंक वेगळा ठेवायचा. एकाचा न्यूट्रल दुसऱ्याच्या पट्टीवर गेला की दोन्ही पडत राहतील.

चांगल्या हीटरलाही थोडे लीकेज असतेच, ९ किलोवॅटच्या ओव्हनला ५ मिलीअँपिअरपर्यंत चालून जाते. एका आरसीसीबीवरचे नेहमीचे लीकेज ९ मिलीअँपिअरच्या आत ठेवा. मोजायला मिलीअँपिअर दाखवणारा लीकेज क्लॅम्प लागतो, तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकत्र जबड्यात घ्यायचे, हिरवी वायर बाहेर. साधा क्लॅम्प मीटर इथे कामाचा नाही.

डीबीजवळ कोरडे लाकूड किंवा जाड रबर मॅट ठेवा, आणि मेन स्विच कुठे आहे हे पहाटेच्या पाळीतल्या प्रत्येकाला दाखवा. कोणी चिकटला तर आधी मेन खाली, त्याला हात नाही लावायचा. श्वास नसेल तर १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत छाती दाबणे चालू, मिनिटाला १०० ते १२० वेळा. शुद्धीवर असला तरी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढा.

---

उंडो_पोळी

मालकांना २० ओहमचा हिशेब दाखवला, डायरेक्टचा विषय संपला. वेगळे आरसीसीबी मागवले आहेत. शेवटचे एक, सिलिकॉन हार्डवेअरच्या दुकानात मिळते ते चालेल का?

---

ट्रे_आणि_तवा

बाथरूमचे, व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे नको. ते सुकताना ॲसिड सोडते आणि टर्मिनल गंजते. ट्यूबवर न्यूट्रल क्युअर आणि किमान २०० अंश लिहिलेले बघून घ्या. लावल्यावर २४ तास सुकू द्या, मग पुन्हा मेगर लावून हीटर बसवा.