‘सेट’ या एका शब्दानं पिच्छा पुरवलाय

मिरजेची_लेक

नमस्कार मंडळी. मी मूळची मिरजेची, सध्या लीड्समधल्या एका हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डात नर्स आहे. इंग्रजीची परीक्षा देऊनच इथं आले, त्यामुळे औषधं, डोस, चार्ट यांचं अडत नाही. अडतं ते ‘सेट’पाशी.

परवाच्या पाळीत काय काय कानावर पडलं बघा. हँडओव्हरला रात्रीची सिस्टर म्हणाली, खिडकीजवळचे आजोबा केअर होमला जायला ‘डेड सेट अगेन्स्ट’ आहेत. मग ‘सेट ऑफ ऑब्ज’ घे, म्हणजे ताप, नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजन, सगळं एका दमात. सलाइनच्या नळीला इथं ‘गिव्हिंग सेट’. प्लास्टर रूममधून निरोप आला की कास्ट अजून सेट झालेलं नाही. राउंडला डॉक्टर म्हणाले, इन्फेक्शन ‘सेट इन’ झालंय. फिजिओ म्हणाली, थोडा ‘सेटबॅक’ आहे. कोपऱ्यातल्या आजींसमोर त्यांच्या मुलीचा विषय काढू नकोस, ‘इट विल सेट हर ऑफ’. दुपारी कुणीतरी टोस्ट करपवला आणि अलार्म ‘सेट ऑफ’ झाला. यावर कडी म्हणजे जेवणाच्या सुट्टीत एकीनं नवे बूट दाखवले आणि म्हणाली, ‘दीज सेट मी बॅक एटी क्विड’, क्विड म्हणजे पौंड. बूट माणसाला मागे कसे नेतात?

शाळेत आम्ही ‘कट कट कट, पुट पुट पुट, सेट सेट सेट’ असं पाढ्यासारखं म्हणायचो. अर्थ एकच लिहून दिला होता, ‘ठेवणे’. आता डिक्शनरी उघडली की या शब्दाची पानं संपता संपत नाहीत. यामागे काही सूत्र आहे, की घोकंपट्टीला पर्याय नाही? मराठी जोड्या दिल्यात तर फार बरं होईल. इंग्रजीचा अर्थ इंग्रजीत वाचून डोक्यात राहत नाही.

निवृत्त_जुळारी

ताई, सूत्र आहे, आणि ते तुम्हाला आधीपासून येतं. ‘सिट’ म्हणजे बसणे, ‘सेट’ म्हणजे बसवणे. जुन्या इंग्रजीत ‘सित्तान’ आणि ‘सेत्तान’ अशी ही जोडीच होती, दुसरं रूप पहिल्याचं प्रयोजक. आपल्याकडे बसणे-बसवणे, निजणे-निजवणे, पळणे-पळवणे असा सरसकट कारखाना चालू आहे. इंग्रजांनी तो बंद केला. मागे राहिली ती मोडीत न गेलेली चार-दोन यंत्रं: राइज-रेज, लाय-ले, फॉल-फेल (झाड पाडणे या अर्थी) आणि ही सिट-सेट.

माझी सगळी नोकरी छापखान्यात गेली. खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, ती जुळवणारा तो जुळारी, इंग्रजीत टाइपसेटर. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी धरायची, उजव्या हातानं केसमधला, म्हणजे खणांच्या ट्रेमधला खिळा उचलायचा, खाच अंगठ्याला लागली की न बघता कळतं खिळा सुलटा आहे, आणि ओळीत बसवायचा. ओळ भरत आली की मध्ये स्पेस घालून ती घट्ट करायची. सैल राहिली तर फर्मा, म्हणजे जुळवलेल्या पानांची चौकट, उचलताना शिशाचा सडा पडलाच म्हणून समजा, आणि मग मालक काय बोलायचा ते इथं लिहिण्यासारखं नाही. दोन ओळींमध्ये शिशाची पट्टी न घालता मजकूर गच्च बसवला की त्याला म्हणायचं ‘सेट सॉलिड’.

मला ‘सेट’ कळला तो तिथं. त्यात दोन गोष्टी आहेत: एक, वस्तू तिच्या जागी बसवली, दोन, आता ती हलायची नाही. तुमची वाक्यं या दोन्हींवर घासून बघा. कास्ट सेट झालं म्हणजे बसलं, आता हलणार नाही. आजोबा ‘डेड सेट’ म्हणजे मनानं बैठक मारली, आता उठवून दाखवा. म्हाताऱ्या माणसाला ‘सेट इन हिज वेज’ म्हणतात, सवयी हाडीमाशी खिळलेल्या. ठरलेली तारीख ‘सेट डेट’, ठरलेलं ताट ‘सेट मेन्यू’, नेमलेलं पुस्तक ‘सेट बुक’. सूर्यसुद्धा त्यांचा बसतो. आपला मावळतो किंवा बुडतो.

‘सेट इन’ला मराठीत फार चांगला शब्द आहे, ठाण मांडणे. थंडी, गंज, कुजणं, इन्फेक्शन, निराशा. बहुतेक नकोशा पाहुण्यांचंच ठाण असतं ते.

आता जोड्या. निम्मी कामं ‘बसवणे’ करतं: हिरा कोंदणात बसवणे, हाड बसवणे. उरलेली बरीचशी ‘लावणे’कडे जातात. गजर लावणे, सापळा लावणे, आग लावणे, दही लावणे, कवितेला चाल लावणे, इंग्रजीत या सगळ्याला ‘सेट’. ताटं मांडणे आणि पेपर काढणे हे तेवढे वेगळे. पण ‘पेपर सेटर’ आपण मराठीतही म्हणतोच.

बुटांचं सांगतो. आपण विचारतो, ‘केवढ्याला पडले?’ आपल्याकडे बूट पडतात, त्यांच्याकडे घेणाऱ्याला मागे ढकलतात. खिशाला खड्डा दोन्हीकडे सारखाच.

आणखी एक ऐकाल कधीतरी, ‘ही विल नेव्हर सेट द थेम्स ऑन फायर’. म्हणजे हा काही फार दिवे लावणार नाही. आपल्या ‘दिवे लावण्या’सारखाच तो तिरकस वापरायचा, कौतुकानं नाही.

राहिला तुमचा ‘सेट ऑफ ऑब्ज’, गिव्हिंग सेट, टी सेट, सोफासेट. तो या घरातला नाहीच! तो लॅटिन ‘सेक्ता’पासून जुन्या फ्रेंचमधून आला. ‘सेक्ता’ म्हणजे मागून चालणारे, अनुयायी, आणि त्याचं मूळ ‘सेक्वी’, मागोमाग जाणे. त्याच मुळाचा आपल्याकडचा भाऊ म्हणजे संस्कृत ‘सच्’, सोबत असणे, ज्यातून ‘सचिव’ आला. उच्चार एक झाला तशी दोन्ही घरं एकमेकांत मिसळली, आणि कोशवाल्यांची झोप उडाली. म्हणून नाम आणि क्रियापद वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा. नामाला ‘संच’ म्हणा, भागतं. गणितवाल्यांनी तेच केलंय.

आणि डिक्शनरी संपत नाही याचा ताण घेऊ नका. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद याच क्रियापदाची होती, सुमारे ६०,००० शब्दांची. नुसत्या क्रियापदाचे अर्थ ४३०, मागे ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ जोडून होणारे वेगळे. नवी आवृत्ती तयार होताना २००० मध्ये ‘मेक’, २००७ मध्ये ‘पुट’ आणि २०११ मध्ये ‘रन’ पुढे गेला. ‘रन’चे ६४५ भरले.

निफाडची_बाग

जुळारीकाका, आमच्याकडे यातलं अर्धं इंग्रजी न शिकताच येतं. द्राक्षवाल्याला विचारा, ‘सेटिंग झाली का?’ ऑक्टोबर छाटणीनंतर घड फुलोऱ्यात येतो, फुलं गळून बारीक हिरवे मणी धरतात, त्याला मणी सेटिंग म्हणतात. या दिवसांत पाऊस झाला की गळ आणि कूज, दोन्ही सुरू. मग सकाळी बागेत जाऊन घड हलवून बघायचा. हातावर नुसता भुसा पडला तर त्या ओळीचं काय ते समजून घ्यायचं. मणी टिकला तर सेट झाला. काकांचं ‘बसला आणि आता हलत नाही’ हे शंभर टक्के तेच आहे.

लीड्सच्या ताईंसाठी अजून एक. इंग्लंडात रोपवाटिकेत ‘ओनियन सेट्स’ मिळतात. कांद्याचा संच समजून घ्यायला जाऊ नका. गोटीएवढे छोटे कांदे असतात, वसंतात जमिनीत लावले की मोठे होतात. आम्ही इथं बी टाकून रोप करतो आणि रोप लावतो, तिकडच्या परसबागेत थेट हे कांदेच बसवतात. वॉर्डातले आजोबा-आजी बागकाम करणारे असतील तर हा विषय काढा, तासभर गप्पा होतील.

बाकी आपल्या मराठी ‘सेटिंग’बद्दल कुणीच कसं बोललं नाही? ‘त्याची आत सेटिंग आहे’ हा अर्थ ऑक्सफर्डमध्ये नसेल, पण बाजार समितीत रोज लागतो.

हिशेबनीस

काकांचं सूत्र आवडलं, पण ‘सेट ऑफ’ त्यात कसा बसवणार? आमच्या धंद्यात सेट-ऑफ म्हणजे एकीकडचा तोटा दुसरीकडच्या नफ्यातून वळता करणे. शेअरमधला लाँग टर्म तोटा फक्त लाँग टर्म नफ्यातूनच सेट-ऑफ होतो. नफा नसेल तर आठ वर्षं पुढे ओढता येतो, आणि अशिलांना हे दर जुलैत नव्यानं सांगावं लागतं. ताईंच्या वॉर्डात तोच शब्द म्हणजे रडू फुटणं, तोच अलार्म वाजणं. प्रवासाला निघणं म्हणजेही ‘सेट ऑफ’. निळ्या साडीवर मोत्याचा सर उठून दिसला तर तोही ‘सेट्स इट ऑफ’. यात काय बसलंय आणि काय हलत नाहीये? उलट सगळं हलायलाच लागलंय.

न्यूजर्सीकर

धावता प्रतिसाद. अमेरिकेत ‘आय ॲम ऑल सेट’ म्हणजे बऱ्याचदा ‘नको, पुरे’. वेटरनं पाणी विचारलं आणि तुम्ही असं म्हणालात तर तो निघून जातो. तहान लागली असेल तर म्हणू नका.

मेलबर्नवासी

आणि ऑस्ट्रेलियात नुसतंच ‘डेड सेट?’ विचारलं तर ‘खरंच की काय?’ आजोबांच्या हट्टाशी संबंध नाही.

निवृत्त_जुळारी

हिशेबनीस, बरोबर जागी बोट ठेवलंत. ‘सेट ऑफ’ आमच्याही धंद्यात होता, आणि तो तुमच्यापेक्षा वाईट. ताजी शाई वाळायच्या आत कागदावर कागद पडला की वरच्याच्या पाठीवर खालचा मजकूर उलटा उमटतो. त्याला सेट-ऑफ. लग्नपत्रिकांची अख्खी थप्पी रद्दीत जायची.

पण सूत्र सोडायचं कारण नाही. ‘बसवणे’ला ‘ऑफ’ जोडलं की बसवलेलं जागेवरून सुटतं, बाजूला होतं. बाकीचं तिथून निघतं. प्रवासाचा अर्थ असा आला की पूर्वी माणूस ‘स्वतःला’ वाटेला लावायचा. पुढे ‘स्वतःला’ गळलं आणि ‘सेट आउट’, ‘सेट फोर्थ’ एवढंच राहिलं. आपणही ‘वाटेला लागलो’ म्हणतोच की. अलार्म आणि आजींचं रडणं एकाच जातीचं: चाप लावून ठेवलेला असतो, कुणीतरी तो सोडतो. मोत्याच्या सरात सर निळ्या रंगापासून वेगळा काढून दाखवलाय. तुमच्या वजावटीत तोटा नफ्याच्या समोर मांडून तेवढा बाजूला केलाय. ताणतोय असं वाटेल, थोडं ताणतोयच. ४३० अर्थांना एकच मोळी पुरणार नाही, पण निम्म्यांना पुरली तरी ताईंचं काम भागेल. उरलेले वापरून वापरून येतील.

निफाडकर, तुमच्या सेटिंगला जुना मराठी शब्द आहे, साटंलोटं. तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत आहे.

मिरजेची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्रपाळीला हे डोक्यात घेऊनच गेले. बसवणे, लावणे, मांडणे आणि ठरवणे, या चारांत बहुतेक वाक्यं कुठं ना कुठं बसतात. ‘सेट’नंतर ‘ऑफ’ आला की कान टवकारायचे. कांद्यांचा विषयही काढला. आजोबांनी गेल्या वर्षी कुठल्या जातीचे लावले इथपासून सुरू केलं, मला इतर पेशंट बघायला सुटका करून घ्यावी लागली. केअर होमबद्दल मात्र अजून डेड सेटच.

प्लास्टरचं एक माझ्याकडून. ओली पट्टी गुंडाळली की काही मिनिटांत ती गरम व्हायला लागते, पेशंट दचकतात. ‘इट्स ओन्ली सेटिंग’ असं सांगायचं. पाणी धरून ते परत घट्ट होताना ती उष्णता निघते. पण सेट झालं म्हणजे पायावर भार द्यायला तयार झालं असं नाही. पूर्ण वाळायला जाड कास्टला दोन दिवसही लागतात. तेव्हा जुळारीकाका, तुमच्या ‘आता हलायचं नाही’नंतर ‘वाळायला’ म्हणून एक तिसरी पायरी आमच्याकडे आहे.

आणि एक तक्रार. तुम्ही ‘हाड बसवणे’ला सेट दिलंत. ते पेशंट म्हणतात, त्यांचे नातेवाईक म्हणतात. आमच्या वॉर्डात डॉक्टर तसं म्हणताना मी ऐकलेलं नाही. ते ‘रिड्यूस’ म्हणतात. मोडलेलं हाड रिड्यूस केलं! कमी कुठं केलं?

निवृत्त_जुळारी

कमी नाही केलं, परत नेलं. लॅटिनमध्ये ‘री’ म्हणजे परत आणि ‘डूकेरे’ म्हणजे नेणे. जागेवरून सरकलेलं हाड स्वगृही नेलं. ‘सेट’ हा गावठी हाडवैद्याचा शब्द. इंग्रजीत त्याला ‘बोनसेटर’च म्हणायचे. डॉक्टर लॅटिन बोलणार.

पण ‘रिड्यूस’साठी वेगळा धागा काढा ताई. इथंच सुरू केलंत तर हिशेबनीस परत येतील.

हिशेबनीस

आलोच आहे. भांडवल रिड्यूस करणे माहीत आहे का कुणाला?